चित्रफीत पोरांची, अब्रू गावाची

गेल्या डिसेंबरात आमच्या गावात मुंबईच्या एका महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आले होते. महाविद्यालय परळ-दादर भागातले. नाव घेत नाही, कारण सांगायचे आहे ते एका महाविद्यालयापुरते नाही. पन्नासेक पोरे-पोरी सात दिवस शाळेच्या खोल्यांत राहिली. प्रभातफेरी झाली, गटारी साफ झाल्या, ओढ्यावर वनराई बंधारा पडला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून पोरांनी जो बंधारा घातला तो फेब्रुवारीपर्यंत पाणी धरून होता. शहरातली मुले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो येऊन बघावा. पोरे कष्टाळू होती, बोलायला गोड होती आणि पिठलं-भाकरी मागून मागून खात होती.

त्यांतल्या सहाजणांना कसला तरी प्रकल्प दिलेला होता. विषय ‘ग्रामीण पाणीप्रश्न’. फोटो, चित्रफीत, गावकऱ्यांचे आवाज आणि लेखी अहवाल असे सगळे एकत्र करून सामाजिक जागृती करायची, त्याला मल्टिमीडिया प्रकल्प म्हणतात, असे त्यांनीच मला समजावले. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. मला कौतुक वाटले. मीच त्यांना गावभर फिरवले.

तीन महिन्यांनी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्रफीत आली. सहा मिनिटांची. आमच्याच गावाची. भर उन्हात एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन माळावरून चालली आहे, मागे सनईसारखे काहीतरी रडके वाद्य वाजते आहे, आणि म्हातारी पदराने डोळे टिपते आहे. खाली अक्षरे उमटतात : पावसाने पाठ फिरवली, सरकारने पाठ फिरवली. चित्रफितीला महाविद्यालयात बक्षीसही मिळाले म्हणे.

म्हातारी म्हणजे आमच्या आळीतल्या आक्का. त्यांचा मुलगा तुर्भ्याच्या बाजारात माथाडी आहे. त्याच्या टोळीतल्या माणसांनी ती फीत बघितली आणि त्याला चिडवले, “म्हातारीला ह्या वयात पाण्याला लावतोस व्हय रं?” त्याने रात्री आईला फोन केला आणि नको ते बोलला. आक्कांना तर अशी काही फीत आहे हेच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या ओसरीवर आल्या. मी त्यांना माझ्या फोनवर ती दाखवली. शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाल्या, “आवं गुर्जी, त्या दिशी नळाला पानी सकाळीच आलं हुतं की. ती पोरगी म्हनली, आज्जी, हिरीवरनं येवढी घागर घिऊन यिऊन दावा. मी म्हनलं, लेकीवानी हाय, घातल्या दोन खेपा. पर ह्यात मी रडतीया कशापायी? मी तर घाम पुसत हुते.”

मला काही बोलता येईना. कारण त्या दिवशी मी तिथेच विहिरीच्या काठावर उभा होतो. ऊन छान पडले आहे, चित्र झकास येईल, असेच माझ्याही मनात होते.

खरे दुखणे राहिले बाजूला

आता याहून मोठी गोष्ट ऐका. आमच्या गावाला पाण्याचा त्रास आहे, हे खोटे नाही. पण तो डिसेंबरात नसतो. मार्च संपत आला की सुरू होतो. पावसाने पाठ फिरवलेली असते असेही दर साली नसते. विहिरीला पाणी असते, टाकी धड असते, मोटारही चालू असते. मात्र नळपाणी योजनेचे वीजबिल थकलेले असते आणि जोडणी तुटते. बिल का थकते? तर पाणीपट्टी भरली जात नाही. ती का भरली जात नाही? तर वरच्या आळीला पाणी चढत नाही म्हणून ती भरत नाही, आणि वरची आळी भरत नाही म्हणून खालची भरत नाही. पाणी का चढत नाही? तर मधल्या घरांनी नळाच्या तोट्याच काढून टाकल्या आहेत. असे हे चक्र आहे. ज्या गावांत नळयोजना आहे तिथल्या वाचकांना हे नवे नाही. घरोघरी मातीच्या चुली.

पोरांनी हे कुणाला विचारलेच नाही. विचारले असते, तर त्या सहा मिनिटांत केवढे काम झाले असते! ग्रामपंचायतीच्या वहीतली थकबाकी दाखवता आली असती. वरच्या आळीतल्या कोरड्या नळाचा नुसता आवाज ऐकवता आला असता. खालच्या आळीत उघडा वाहणारा नळ आणि वरच्या आळीत रिकामी बादली एकाशेजारी एक ठेवता आली असती. ती फीत ग्रामसभेत लावली असती तर चार डोकी खाली गेली असती आणि चारजणांनी पट्टी भरली असती. जागृती म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

झाले काय, तर गावाला काही कळले नाही, मुंबईला चुकीचे कळले, आणि एका म्हातारीचे आणि तिच्या लेकाचे बिनसले.

तरीही मी पोरांना दोष देत नाही. त्यांना सात दिवस दिलेले. त्यांतले निम्मे बंधाऱ्यात गेले. अहवाल अमुक तारखेला हवा, चित्रफीत इतक्याच मिनिटांची हवी, असे त्यांना बजावलेले. बघणारे कोण? तर परीक्षक. परीक्षकाला काय आवडते? तर डोळ्यांत पाणी. मग पोरे डोळ्यांत पाणी आणणारच. कोणत्याही कामात अखेरीस जो तपासणार असतो त्याच्याच मर्जीचे काम होते, हे मी पस्तीस वर्षे मास्तरकी करून सांगतो. तेव्हा चूक चित्रण करण्यात नव्हती. ती आधीच, मुंबईत बसून केलेल्या नियोजनात होती. विषय ठरला, मिनिटे ठरली, तारीख ठरली, गुण ठरले. ही फीत कोण बघणार आणि बघून काय करणार, हे तेवढे ठरवायचे राहिले.

हे आजच लिहायचे कारण असे की असले प्रकल्प आता वाढणार आहेत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली तेव्हा तिच्यात ४० हजार विद्यार्थी होते, आणि ती ज्याच्या त्याच्या हौसेची गोष्ट होती. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा जो आराखडा लागू झाला, त्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाजात जाऊन करायचे काम यांना श्रेयांक आहेत. म्हणजे गुणांसाठी गावात येणारी पोरे दरसाल येणार. खिशात फोन प्रत्येकाच्या आहे. गावाने आणि महाविद्यालयाने आत्ताच काही रीत घातली नाही, तर गावोगाव अशा आक्का निघतील.

गिरणगावाला हे नवे नाही

मजा अशी की ज्या परळ-लालबागेतून ही पोरे आली, त्या भागाला जागृतीचे काम शिकवायला बाहेरून कुणी नको. माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. वडील साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही वळकट्या बांधून गावी आलो. त्यामुळे गिरणगावाबद्दल मी बोलतो ते ऐकीव नाही.

चित्र, आवाज आणि बोलणे एकत्र करून लोकांना शहाणे करण्याचे काम तिथे शंभर वर्षांपूर्वीही चाले. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. त्या संस्थेने कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या, फिरती ग्रंथालये काढली आणि मॅजिक लँटर्नवर व्याख्याने दिली. मॅजिक लँटर्न म्हणजे काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठे करून दाखवायचे यंत्र. चित्र पडद्यावर आणि समजावणारा माणूस शेजारी उभा. कुणी मध्येच शंका काढली तर उत्तर तिथल्या तिथे.

पुढे १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे, आणि तो मुलूख तेव्हा आपल्या सातारा जिल्ह्यातच होता. दुष्काळी दिवसांत घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेला, गिरणीत राबलेला हा माणूस. त्यांच्या लोकनाट्याला कामगार गर्दी करत, कारण त्यात त्यांचेच बोलणे होते, त्यांचाच सावकार आणि त्यांचाच मुकादम होता. समोर बसलेल्या माणसाला हे आपले वाटते का, याची परीक्षा रोज रात्री होत असे. पटले नाही तर लोक उठून जात. असा परीक्षक कुठल्या महाविद्यालयात मिळणार?

आणि गणपतीतले देखावे! गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. गिरणगावातली मंडळे नंतरची. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ ची. आज तिथे रांगा आणि रोषणाई जास्त. पण माझ्या लहानपणी गल्लीबोळातल्या मंडळांतून चलत देखावे असत. विषय दारूबंदी, हुंडा, साक्षरता, महागाई असे. हलत्या मूर्ती, रंगीत दिवे आणि टेपवर मुद्रित केलेले निवेदन. मल्टिमीडिया तो हाच की! शब्द तेवढा आमच्याकडे नव्हता.

आमच्या मंडळाने एका साली दारूवर देखावा केला. मी दहा-बारा वर्षांचा होतो, खिळे आणून देणे आणि चहा आणणे माझ्याकडे. तयारी दोन महिने आधी सुरू झाली. सायकलचे चाक, जुनी मोटार आणि दोऱ्या यांवर दारुड्याचा हात हलायचा. गणपती बसायच्या चार दिवस आधी मंडळाच्या वडीलधाऱ्या माणसाने चाळीतल्या बायकांना बोलावून सतरंजीवर बसवले आणि देखावा लावून दाखवला. ते काका गिरणीत जॉबर होते, मोठे कडक. त्यांनी विचारले, “बायांनो, काय कळलं सांगा.” एक मावशी पटकन म्हणाल्या, “दारुडा लई हसवतो बघा.” काका तिथेच थांबले. दारुडा हसवतो म्हणजे देखावा फसला. रातोरात निवेदन बदलले. दारुड्याच्या मागे त्याच्या बायकोची मूर्ती होती. ती पुढे आणली आणि आवाज तिचा ठेवला. ज्याच्यासाठी देखावा करायचा त्याला आधी दाखवायचा, त्याला काय कळले ते विचारायचे आणि चुकले तर बदलायचे. त्या जॉबर काकांना नियोजन हा शब्दही ठाऊक नसेल. कामाची रीत मात्र पक्की ठाऊक होती.

चित्राचे म्हणाल, तर दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि त्याचे चित्रण दादरला झाले, हे पाठ्यपुस्तकात असते. त्याआधी त्यांनी केलेली एक लहानशी फीत मला जास्त मोलाची वाटते. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून त्याचे रोप होईपर्यंत दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलेले दिसे. बघणाऱ्याला मिनिटाचे काम, करणाऱ्याला महिन्याचे. शेतकऱ्याला यातले मर्म वेगळे सांगायला नको. उगवायला वेळ लागतो तेवढा लागतोच. सात दिवसांत गावाचा पाणीप्रश्न उगवून वर येत नाही. ज्याला तो दाखवायचा आहे त्याने डिसेंबरात यावे, मार्चात यावे आणि मे महिन्यातही यावे. एकाच नळाचे तीन वेळचे तीन फोटो एका रांगेत लावले तरी अर्धे काम होते.

मग करायचे कसे?

टीका करणे सोपे असते. म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सुचवतो. शहरातल्या प्राध्यापक मंडळींनी राग मानू नये.

पहिली गोष्ट, प्रकल्प शेवटाकडून सुरू करावा. कागदावर आधी एक वाक्य लिहावे : ही फीत अमक्या लोकांनी बघावी आणि बघून अमके करावे. “ग्रामीण पाणीप्रश्नाबद्दल जागृती” हे असे वाक्य होत नाही. “वरच्या आणि खालच्या आळीने मार्चच्या आत पाणीपट्टी भरावी” हे होते. हे एक वाक्य लिहिता येत नसेल तर फोन खिशातच ठेवावा आणि आणखी दोन दिवस गावात फिरावे.

दुसरी गोष्ट, पहिल्या भेटीत चित्रण करू नये. नुसते बसावे, ऐकावे. पारावर जे सांगतात, चुलीपाशी जे सांगतात आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात जे लिहिलेले असते, या तिन्हीत फरक असतो. तो फरक सापडला की विषय सापडला. दुरून डोंगर साजरे असतात तसे दुरून प्रश्नही सोपे दिसतात.

तिसरी गोष्ट परवानगीची. “आज्जी, फोटो काढू का?” एवढे विचारले म्हणजे परवानगी झाली, असे होत नाही. आपल्या माणसाला पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : हे कुठे दाखवणार, कोण बघणार आणि नको वाटले तर काढून टाकता येईल की नाही. तयार झाल्यावर त्या माणसाला आधी दाखवावे आणि मग विचारावे, आता चालेल ना? जिथे प्रश्न अब्रूचा आहे तिथे तर दुप्पट जपावे. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलाचे नाव, पत्ता, फोटो, घरचे, शाळा, शेजार असे ओळख पटेल ते काहीही प्रसिद्ध करायला मनाई केली आहे. बालविवाहाची फीत करणाऱ्या पोरांनीही हेच पथ्य पाळावे. मुलीचा चेहरा न दाखवता तिची गोष्ट सांगता येते. तिची वही दाखवा, बंद पडलेली सायकल दाखवा, आवाज दुसरीचा ठेवा.

चौथी गोष्ट, माणसाला बिचारा करू नये. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मंगळसूत्र तोडणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद. त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. आता या विषयावर फीत करायची तर दोन वाटा आहेत. एक, पांढऱ्या कपाळाची बाई खिडकीशी बसवायची आणि वाद्य वाजवायचे. दुसरी, आपल्या गावात असा ठराव झाला का, झाला असेल तर पुढच्या हळदी-कुंकवाला त्या बायांना कुणी बोलावले का, बोलावले नसेल तर का नाही, हे बायांनाच विचारायचे. पहिल्या वाटेने लोक हळहळतात आणि घरी जाऊन झोपतात. दुसऱ्या वाटेने भांडण होते, आणि भांडणातून काहीतरी हलते.

ज्याचे श्रेय त्याला कसे द्यावे याचा नमुनाही आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावे. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या २०१७ पासून येत गेल्या. आवाज, अक्षर, फोटो सगळे. आणि ओवी गाणाऱ्या बाईचे नाव-गाव तिच्या ओवीसोबत. तिथे ती “एक ग्रामीण महिला” नसते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये गिरणगावावर जे पुस्तक केले, त्यातही कामगार स्वतःच्या तोंडाने बोलतात. आमच्या आक्कांचे नाव त्या चित्रफितीत कुठेच नव्हते. माळ होता, घागर होती, पण आक्का नव्हत्या.

पाचवी गोष्ट, खेळ आधी गावात लागावा आणि मग महाविद्यालयात. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावली की झाले. वीज नसेल तर ऐकवावे. शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे गावकऱ्यांचे रेडिओ केंद्र २००८ पासून आहे. घरात, रानात, गोठ्यात काम करता करता बाया ऐकतात. ज्या बाईला फोन बघायला सवड नाही तिचे कान तरी मोकळे असतात. आणि गुण द्यायचेच असतील तर निम्मे गुण गावच्या खेळानंतर काय झाले त्यावर द्यावेत. परीक्षक बदलला की पोरे आपोआप बदलतील.

एक विषय मीच देतो

परळ-लालबागच्या महाविद्यालयांनी आमच्याकडे यायचेच असेल तर एक विषय मीच देतो. तो त्यांच्या दारातला आहे आणि आमच्याही.

ज्या गिरण्यांच्या जागेवर आज काचेचे मनोरे आहेत, तिथले कामगार आणि त्यांचे वारस सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या गावांत विखुरले आहेत. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीवर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या वारसाला घर, अशी ती योजना. २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. २०१६ आणि २०२० मध्येही सोडती निघाल्या. अर्जदार मात्र दीड लाखावर. २०२३ च्या सप्टेंबरपासून म्हाडाने पात्रता ठरवण्यासाठी वांद्र्यात कागद गोळा करायची मोहीम काढली. २०२५ च्या जुलैत आझाद मैदानात मोर्चा झाला, कारण मुंबईत राबलेल्यांना घरे शेलू-वांगणीला का, हा सवाल होता. त्या वादात कोण बरोबर हा आजचा विषय नाही.

विषय असा की त्या मोहिमेत जे कागद मागितले त्यांत गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्र, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक असले कागद होते. हे कागद कुठे असतात? पत्र्याच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या मागे, भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीत. म्हाताऱ्याबरोबर ते कशाचे आहेत ही माहितीही गेली. माझ्या वडिलांचा पास आईने कित्येक वर्षे डब्याखाली घातलेला होता. सुनेने घर आवरताना किती जणांचे तिकीट चुलीत घातले असेल, देव जाणे. आणि गावात एजंट फिरतात. एवढे द्या, घर मिळवून देतो, म्हणतात.

आता विचार करा. परळची पोरे आली, प्रत्येक कागदाचा स्वच्छ फोटो घेतला, “हा लाल पास, असा दिसतो, जपून ठेवा” असे आपल्या बोलीत एका म्हाताऱ्या कामगाराच्याच आवाजात मुद्रित केले, एजंटाला पैसे देऊ नका हे सांगितले, आणि नियम व मुदत काय आहे ते म्हाडाच्या कार्यालयात जाऊन स्वतः विचारून मगच घातले. चार मिनिटांची फीत. ती गावच्या यात्रेत लावली, ग्रुपवर फिरवली. येताना पोरांनी त्या गिरणीची जागा आज कशी दिसते याचे चार फोटो आणले. म्हातारा ते बघून जे बोलेल ते मुद्रित करून मुंबईला नेले. परळच्या मुलाला आपण कुणाच्या घामावर उभे आहोत ते कळेल आणि आमच्या वारसाला कागद कळेल. दोन्हीकडे जागृती, आणि डोळ्यांत पाणी आणायला वाद्याची गरज नाही.

गावानेही जागे व्हावे

सगळे शहरावर ढकलून चालणार नाही. शिबिर येणार म्हटले की आम्ही हारतुरे आणतो आणि सरपंच भाषण करतात. पोरे काय चित्रण करतात हे कुणी बघत नाही. मीही बघितले नाही, बघून गप्प राहिलो. शिबिराला जागा देण्याचा निर्णय होतो तेव्हाच ग्रामपंचायतीने पत्रात तीन ओळी घालाव्यात. चित्रण करणाऱ्यांनी गावातल्या दोन माणसांना, त्यांत एक बाई, सोबत घ्यावे. तयार झालेली फीत आधी गावात दाखवावी. ज्याला आपला चेहरा नको असेल त्याचा काढावा. याला पैसा लागत नाही.

मी महाविद्यालयाला पत्र लिहिले. शिव्या दिल्या नाहीत, झाले ते कळवले. त्या सहाजणांतल्या एका मुलीचा फोन आला. बिचारी रडकुंडीला आली होती. म्हणाली, सर, आम्ही फीत काढून टाकली. पण ग्रुपवरून गेलेले परत येत नाही, हे तिलाही ठाऊक होते. मग म्हणाली, आज्जींशी बोलू का? आक्का फोनवर तिला म्हणाल्या, “हे बग बाळ, झालं ते झालं. औंदा आलीस म्हंजी माज्याकडंच जेवायला ये. पर फोटू काढायचा आसंल तर नळाचा काढ.”

यंदाच्या डिसेंबरात शिबिर पुन्हा येणार आहे. मी त्या मुलीला एवढेच कळवले आहे की मार्चातही एक चक्कर मार, एस.टी. खटाव तालुक्यात रोज येते. वरच्या आळीचा नळ तेव्हा बघण्यासारखा असतो.